बोलका धाडला होता

माहं नाव लटारू. गाव मूलच्या पलीकडे, सकाळी बैलगाडी जुपली तर बाजार भरता भरता पोचावं एवढ्या अंतरावर. गावाले एक तलाव हाये, दोन बोड्या, म्हणजे बारके तलाव, हायेत, अन् बाकी सारे धानाचे बांध. आम्ही भाऊ लय अन् बांध थोडे, म्हणून धाकट्यानं बाहेर कुठी तरी हात चालवावा हे घरात कोणी तोंडानं बोललं नाई, पण माय मले वाढताना जरा जास्तच वाढे, त्याच्यावरून मले समजलं की आपल्याले जायचं हाये.

जाणार कुठी? तर त्या वर्षी मालगुजारानं नवा गोठा बांधायले काढला अन् लाकूड कापायले चांद्याहून इस्माईलभाई आले. चांद्याच्या परकोटाच्या, म्हणजे तटाच्या, आतले, आराकसाचं घराणं त्याइचं, बाप बी आरा ओढे, आजा बी. आता ती मालगुजारी गेली, नागपूरचं राज्य बी गेलं, आपण म्हणे मुंबईच्या राज्यात आलो, पण तो गोठा उभा हाये, जाऊन पाहा, एक फळी वाकडी नाई. मी दिवसभर तिथी बसून पाहत राहो. शेवटी इस्माईलभाईच म्हणाले, काऊन रे, पाहूनच पोट भरते का, उतर खाली. अन् मी खड्ड्यात उतरलो तो उतरलोच.

तुमच्या शहरात मशीनवर लाकूड कापते, म्हणून आधी आमचं काम सांगतो, नाई तर पुढची गोठ तुमाले समजणार नाई. जमिनीत पुरुषभर खड्डा खणायचा, त्याच्यावर लठ्ठा आडवा टाकायचा, लठ्ठ्यावर गेरूचं सूत मारून रेघ काढायची. एक जण लठ्ठ्यावर उभा राह्यते, एक जण खड्ड्यात, अन् मधात आरा, म्हणजे दोघाइनं ओढायची करवत, माणसापेक्षा उंच. वरचा वर ओढते, खालचा खाली ओढते. कापणं होते ते खालच्याच्या ओढीनं, पण रेघ दिसते वरच्याले. खालच्याच्या डोक्यावर भुसा पडून राह्यते, डोळे उघडले की डोळ्यात, तोंड उघडलं की तोंडात, म्हणून तो दुपट्टा बांधून मान खाली घालते अन् नुसता ओढते. त्याले लठ्ठा दिसत नाई, आभाळ दिसत नाई, वरचा माणूस दिसत नाई. त्याले फक्त ऐकू येते. म्हणून वरच्यानं बोलत राहायचं. उजवी दे, डावी दे, गाठ आली हळू घे, थांब पाचर मारतो. अन् काम सरळ चाललं असलं तरी बोलायचं, गावची गोठ सांगायची, सासऱ्याले नावं ठेवायची, गाणं म्हणायचं, काही बी करायचं, पण आवाज बंद पडू द्यायचा नाई. इस्माईलभाईनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं, आवाज बंद झाला की खालच्याले वाटते लठ्ठा घसरून राह्यला, नाई तर वरचा पडला, नाई तर आपल्याले सोडून गेला. मंग त्याचा हात आखडते. अन् आखडलेल्या हाताले आरा ओळखते.

अजून दोन रिती होत्या. दुपारपर्यंत एक खाली, दुपारनंतर दुसरा, म्हणजे पाळीपाळीनं. अन् पाळी सरली की वरच्यानं आधी खालच्याले हात देऊन बाहेर काढायचं, मंगच पाणी प्यायचं. वरच्याले केवढी बी तहान लागली असली तरी. ह्या रिती कोणी लिहून ठेवल्या नाई. आराकसाचे बाप-आजे त्या पाळत आले अन् त्याइचे लेकरं बी पाळत राह्यले.

माहं लग्न झालं, बायकोचं नाव पार्वता. तिची धाकटी बहीण सगुणा. तिले नवरा कवडू केला. म्हणजे कवडू माहा साडभाऊ. बारका, काळासावळा, पायानं चपळ. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतेत, रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते, त्या दंडारीत कवडू गमत्याचं काम करे. पाटील कसा चालते, पोलीस कसा पान खाते, जावई पहिल्या दिवाळीले कसा रुसते, सारं करून दाखवे. ज्याची नक्कल केली तो बी हसे. त्याच्या गावात लोक म्हणत, कवडू आला म्हणजे मंडई भरली. तो माह्यासंगं आरा ओढायले आला अन् आमची जोडी जमली. तो खाली असला तरी तोच बोले, तोंडात भुसा घेऊन बोले. मी म्हणो, अबे, बोलायचं काम वरच्याचं हाये. तो म्हणे, तू बोलला तर मले झोप येते, भाटव्या.

मंग चांद्याच्या एका ठेकेदारानं एटापल्लीच्या पुढे जंगलात डेपो टाकला. रेल्वेच्या रुळाखाली घालतेत ते सिलपट कापायचे होते. इस्माईलभाई मुकादम झाले अन् आम्ही त्याइच्यासंगं गेलो. आमच्या मूलकडचे धानवाले होते, काही जण सिरोंच्याकडचे, ते आपसात तेलुगू बोलत, लठ्ठे ओढायले आजूबाजूच्या गावचे गोंड लोक अन् त्याइचे बैल. कवडूनं महिन्याभरात साऱ्याइच्या भाषेतल्या शिव्या शिकून घेतल्या. सगुणा अन् पार्वता बी आल्या, पाणी भरत, रांधत.

इस्माईलभाई मुकादम म्हणून कसे होते ते सांगतो. सकाळी ते साऱ्या खड्ड्याइवरून एक फेरी मारत अन् आधी खालच्याले विचारत. वरच्याले नाई, खालच्याले. काय रे, बराबर हाये ना? नुसतं बराबर हाये म्हणलं तरी आवाजावरून ओळखत की हा रात्री झोपला नाई, का ह्याच्या घरून वाईट निरोप आला. मंग म्हणत, आज तू वरच राह्य, खाली जाऊ नको. कोणाले कारण सांगायले लागत नसे. कोणी चुकला तर ओरडत, चांगले खणखणीत ओरडत, आईबाप काढत, पण तोंडासमोर, अन् तिथल्या तिथी संपे. संध्याकाळी त्याच माणसाले आपल्या ताटातलं लोणचं देत. काम होत नव्हतं असं नाई. काम लय होई.

पण ठेकेदाराले वाटलं अजून व्हावं. म्हणून त्यानं मॅनेजर आणला.

भाऊ, आता नीट ऐका. ह्या माणसाची गोठ मी ज्याले ज्याले सांगतली त्यानं मले एकच विचारलं. त्यानं मारलं का? नाई. शिव्या दिल्या का? नाई. मजुरी दाबली का? दाबली नाई, वेळेवर दिली. बायाइवर वाकडी नजर होती का? नव्हती. मंग काय केलं? तुमच्या बी तोंडावर तेच दिसून राह्यलं. मंग काय केलं! हेच तर सांगायले बसलो मी. मारलं असतं तर वळ दाखवता आला असता.

तो कुठल्या तरी कारखान्यात होता म्हणे. डोक्याले सोला हॅट, गळ्यात दोरी अन् दोरीले शिट्टी. मोहाच्या झाडाखाली त्यानं खुर्ची टाकली, तिथून सारे खड्डे दिसत. आल्या दिवशी आम्ही रामराम केला, इस्माईलभाईनं सलाम केला, त्यानं पाह्यलं अन् शिट्टी तोंडात घातली. एक शिट्टी म्हणजे काम चालू. दोन म्हणजे बंद. अन् तीन म्हणजे कोणी तरी चुकलं. कोण चुकलं, काय चुकलं, ते सांगायचं नाई. तीन शिट्ट्या झाल्या की साऱ्याइनं हात थांबवायचा, तो खुर्चीतून पाहत राही, इकडून तिकडे, मंग एक शिट्टी देई, पुन्हा काम चालू. अन् संध्याकाळी एकाचं नाव घेई. उद्या हा खाली. बस, एवढंच बोले. दिवसभर प्रत्येकाले वाटे की आपलंच नाव येईन. अन् नाव नाई आलं की बरं वाटे, दुसऱ्याचं आलं म्हणून बरं वाटे! पाहा कसं केलं त्यानं आमाले. एका ताटात जेवणारे आम्ही.

मंग तो म्हणे, बोलण्यानं काम मागे पडते. कामावर तोंड बंद. इस्माईलभाई समजावायले गेले की साहेब, ते बोलणं कामाचंच हाये, खालच्याले दिसत नाई. तो म्हणे, रेघ मारली हाये ना, मंग रेघेवर ओढा. मंग तो म्हणे, जोड्या रोज बदला, एकाच जोडीत राह्यले की माणसं माजतेत. अन् पाळी बंद. खाली जाणं म्हणजे आता शिक्षा झाली. अरे, ज्या खड्ड्यात माहा गुरू उतरला, त्याचा बाप उतरला, जिथी बसून आम्ही कांदा-भाकर खाल्ली, ते ठिकाण त्यानं एका हप्त्यात कैद करून टाकलं!

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कवडूनं लठ्ठ्यावर बसून खुर्चीत बसलेल्या साहेबाची नक्कल केली. मान तशीच, डोळे तसेच, तोंडात शिट्टीच्या जागी बोराची काडी. सारे पोट धरून हसले. लय दिवसानं हसलो होतो. अन् मागे साहेब उभा. पाटलाची नक्कल केली तर पाटील हसे, भाऊ. हा हसला नाई, रागावला बी नाई. रागावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी म्हणे, कवडू, उद्यापासून खाली. इस्माईलभाईनं विचारलं, किती दिवस? तो हॅट घालून चालायले लागला.

रोज वरती नवा माणूस, अन् तो बी भ्यालेला, तोंडातून अक्षर काढत नसे. सकाळी कवडू उतरे तो संध्याकाळी निघे. पहिले काही दिवस खालून तोच बोले, अरे वर कोण हाये, मेला का जिता हाये? वरून उत्तर येत नसे, मंग तीन शिट्ट्या. हळूहळू त्याचं खालचं बोलणं बंद झालं. मंग वरचं बी. आमच्याकडे पाठ करून जेवायले लागला. सगुणा म्हणे, बाई, हे माह्याशी बी बोलत नाई, काही विचारलं की म्हणतेत, माहं नाव घेतलं का? कोणी घेतलं का माहं नाव? संध्याकाळी दोन शिट्ट्या झाल्या तरी तो बाहेर येत नसे, खाली आऱ्याचा दांडा धरून उभा राही. मी जाऊन हात देओ. हात गार अन् ओला, मासोळीसारखा.

त्या जंगलात भिंगराज पाखरू हाये, काळं, शेपटीले दोन लांब दोऱ्या. ते जे ऐकते ते बोलते, मांजरीसारखं बी ओरडते. त्यानं साहेबाची शिट्टी उचलली. बाजाराचा दिवस, काम बंद, साहेब तिकडे एटापल्लीले गेलेला, आम्ही नाल्यावर धुणं धुऊन राह्यलो, अन् वरतून तीन शिट्ट्या. काय सांगू तुमाले, साऱ्याइचे हात थांबले. मोठे मोठे बाप्ये, हातात पिळलेलं धोतर, तसेच उभे. मंग एकाले झाडावर पाखरू दिसलं, तो हसला, बाकीचे बी खोटं खोटं हसले. कवडू नाई हसला. तो खाली बसला अन् दोन्ही हातानं डोकं झाकलं, भुसा पडून राह्यल्यासारखं.

मंग लोक बोलायले लागले. सिरोंच्याकडचे म्हणत, नजर लागली. आमच्याकडचे म्हणत, खड्डा ऐनाच्या झाडाजवळ खणला, ऐन म्हणजे गोंडाइच्या देवाचं झाड, त्या जागेनं धरलं. भुमक बोलावला, गोंडाइचा पुजारी. कोंबडी दिली. तो म्हणे, जागेचं मन राखायचं असन तर खड्डा बुजवा, दुसरीकडे खणा. आम्ही बुजवला. सुट्टीच्या दिवशी, आपल्या हातानं, साऱ्याइनं मिळून, अन् नाल्याच्या बाजूले नवा खणला, त्याच्यात तांदूळ टाकले, उदबत्ती लावली. किती बरं वाटलं आमाले! दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूले नव्या खड्ड्यात उतरवलं, वरती मुका माणूस उभा केला अन् मोहाखालून शिट्टी वाजली. जागा बदलली, भाऊ, बाकी काय बदललं? पण तवा आमाले ते सुचलं नाई. त्या बिचाऱ्या ऐनाच्या झाडावर आम्ही आळ घेतला.

एटापल्लीच्या कंपाउंडरनं लाल औषध दिलं अन् म्हणे दारू कमी कर. कवडूनं जन्मात दारू घेतली नव्हती. साहेबाले विचारलं की ह्याले थोडे दिवस वर घ्या, तर तो म्हणे, ह्याचं मन कमजोर हाये, जंगलात काम करायचं तर मन घट्ट लागते. मन कमजोर! जो माणूस हजार लोकाइसमोर उभा राहून पाटलाची टर उडवे, त्याचं मन कमजोर? तुम्ही लठ्ठ्यावर रोज पाणी टाका अन् मंग म्हणा लाकूडच सडकं होतं!

उन्हाळ्याच्या तोंडाले साहेब बहिणीच्या लग्नासाठी आपल्या गावाले गेला. कारभार पुन्हा इस्माईलभाईकडे आला. त्याइनं पहिल्या दिवशी काही केलं नाई, नुसती फेरी मारली. काय रे, बराबर हाये ना? कवडूले म्हणाले, तू वर राह्य, लटारूसंगं. तो वर उभा राह्यला, बोलला नाई, मीच खालून बोललो. उलटंच काम, पण चाललं. दोन-चार दिवसानं तो जेवताना आमच्याकडे तोंड करून बसला. मंग एकदा त्यानं सगुणाले म्हणलं, भाजीत मीठ हाये का पाप हाये? सगुणा चुलीपाशी बसून रडली. अन् एका सकाळी, मी खाली, डोक्यावर भुसा पडून राह्यला, अन् वरून दंडारीतलं गाणं, हळू, नाकातल्या नाकात. मी ओढत राह्यलो. मी काई बोललो नाई, मले भेव वाटे की मी बोललो तर ते थांबन.

त्या दिवशी माह्या डोक्यात उजेड पडला. जागा तीच, ऐन तोच, भाकर तीच, औषध तर केव्हाच सांडून दिलं होतं. एकच माणूस इथून गेला अन् माहा कवडू परत येऊन राह्यला.

मंग साहेब आला. लाकडाच्या ट्रकमधून उतरला, हॅट झटकली, खुर्चीवर जाऊन बसला अन् संध्याकाळी म्हणे, कवडू वर कसा? उद्यापासून खाली.

दुसऱ्या दिवशी कवडू उतरला. शिट्टी झाली, अन् त्याच्या खड्ड्यावरचा आरा हललाच नाई. वरचा माणूस ओढते, खालून ओढ नाई. तीन शिट्ट्या. मी दुसऱ्या लठ्ठ्यावर होतो, मी आरा सोडला अन् जाऊन खाली पाह्यलं. कवडू कोपऱ्यात बसला होता, डोकं झाकून. मी खाली उतरलो. म्हणलं, चाल, वर जाऊ. तो म्हणे, माहं नाव घेतलं का? म्हणलं, कोणी नाई घेतलं. तो म्हणे, घेईन. अन् हलायले तयार नाई. वर तीन शिट्ट्या, पुन्हा तीन शिट्ट्या. मी म्हणलं, मंग मी बी इथीच बसतो. अन् बसलो त्याच्या बाजूले.

थोड्या वेळानं वरून माती पडली. पाहतो तर इस्माईलभाई, म्हातारा माणूस, गुडघे कुरकुर करून राह्यले, शिडीनं उतरून राह्यले. म्हणे, सरका रे पोट्टेहो, जागा द्या बुढ्याले. अन् ते बसले, तंबाखूची पिशवी काढली. मंग आमाले बाजूच्या खड्ड्यातून आवाज आला. तिथला वरचा बी खाली उतरला होता. मंग पलीकडचा. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सांगतलं नव्हतं. सारे वरचे खाली गेले. लठ्ठे तसेच, आरे अर्ध्या कापात लटकलेले, अन् वर एक बी माणूस नाई. अन् मंग खड्ड्या-खड्ड्यातून बोलणं चालू झालं. एक इकडून ओरडे, काय बे, तुह्या खड्ड्यात पाणी लागलं का? तिकडून उत्तर येई, पाणी नाई, तुही सासू लागली! तेलुगूत कोणी तरी गाणं म्हणून राह्यला होता. किती महिन्याइचं साचलं होतं ते सारं जमिनीतून वर येऊन राह्यलं होतं. साहेब शिट्टी वाजवे, वाजवे, अन् झाडावरचा भिंगराज त्याले उत्तर देई.

मंग शिट्टी थांबली अन् तो चालत आमच्या खड्ड्याच्या काठावर आला. मले फक्त त्याचे बूट दिसत होते. म्हणे, वर या. कोणी हललं नाई. मंग तो म्हणे, मी काय केलं तुमाले? मी कोणाले हात तरी लावला का?

अन् मले सांगायचं हाये, तो खोटं बोलून राह्यला नव्हता. त्याले खरंच माहीत नव्हतं. ह्याचाच मले जास्त राग येते. इतके महिने माणसाच्या डोक्यावर बसायचं अन् खाली काय होऊन राह्यलं ते एकदा वाकून पाहायचं बी नाई!

इस्माईलभाई म्हणाले, साहेब, तुम्ही खाली उतरा, मंग सांगतो. शिडी तिथीच होती. तो उभा राह्यला. मंग बूट निघून गेले.

दोन-तीन दिवस आरे लटकलेले राह्यले. मंग चांद्याहून ठेकेदार शेठ जीपमधून आला. तो बी तेच विचारे. मारलं का? मजुरी दाबली का? मंग तक्रार काय हाये? आम्ही एकमेकाकडे पाहू. काय सांगावं? शिट्टी वाजवते म्हणून सांगावं? रामराम घेत नाई म्हणून सांगावं? तोंडावर आणून बोललो तर आपल्यालेच ते बारीक वाटे. इस्माईलभाईनं रिती सांगतल्या, पाळी, बोलणं, शेठ घड्याळ पाहून राह्यला. तवा सगुणा पुढे आली. डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, तसाच. कवडूचा हात धरून त्याले शेठपुढे उभं केलं अन् म्हणे, शेठ, ह्याले मी बोलका धाडला होता.

बस. दुसरं काही बोलली नाई. कवडू जमिनीकडे पाहून राह्यला होता. शेठनं त्याच्याकडे पाह्यलं, मंग लटकलेल्या आऱ्याइकडे पाह्यलं. जास्त कशाकडे पाह्यलं ते मले माहीत हाये.

मॅनेजर गेला. पण कसा गेला? त्याले शेठनं दुसऱ्या मोठ्या डेपोवर धाडलं, तिकडे माणसं जास्त, खुर्ची बी मोठी असन. हा न्याय झाला का? आमच्या इथून साप उचलला अन् दुसऱ्याच्या अंगणात सोडला. आता तिकडे कोण खाली बसला असन डोकं झाकून, त्याच्या बायकोले लोक कोणत्या झाडाचं नाव सांगत असन, हे मले कधी कधी भाकर खाताना आठवते. एक गोठ मात्र खरी, शिट्टी तो खुर्चीवरच विसरून गेला होता. शेठनं इस्माईलभाईले म्हणलं, आता तुम्हीच वापरा. इस्माईलभाईनं ती एका गोंडाच्या बैलाच्या गळ्यात बांधली.

कवडूले सगुणा गावाले घेऊन गेली. एक धान निघालं, दुसरं निघालं. तो बांधावर बसे. बोले, पण मोजकं. मंडई आली की लोक बोलवायले जात, चाल कवडू, नुसता उभा राह्य, तर तो घरात जाऊन झोपे. इस्माईलभाई थकले, चांद्याले नातवाइत राह्यतेत आता, अन् मुकादमी माह्याकडे आली. मी त्याइच्यासारखीच फेरी मारतो, अन् रोज एक पाळी स्वतः खाली उतरतो. मुकादमानं खाली जायची गरज नाई असं शेठ म्हणते. मी म्हणतो, मले हाये.

यंदाच्या हिवाळ्यात कवडू आला. कोणी बोलावलं नव्हतं. सगुणा मागे, तो पुढे. खड्ड्यापासून दूर उभा राह्यला, पाहत होता. मी त्याले खाली जा म्हणलं नाई, कधीच म्हणणार नाई. मी म्हणलं, वर उभा राहशील का माह्यासंगं? तो लठ्ठ्यावर चढला. मी खाली उतरलो, दुपट्टा बांधला, आरा धरला. ओढ चालू झाली. भुसा पडायले लागला. वरून आवाज नाई. मी ओढून राह्यलो अन् मले पहिल्यांदा कळलं, त्याले त्या महिन्याइत काय झालं असन ते. डोळे बंद, अन् वर कोणी हाये का नाई ते माहीत नाई. मी थांबलो नाई. मी मनात म्हणलं, तो बोलला तर बोलला, नाई तर मी असाच ओढीन.

अन् मंग वरून आवाज आला. डावी दे.

मी डावी दिली.

थोड्या वेळानं, गाठ हाये. मंग, हळू. मंग पुन्हा काई नाई, मंग, दे. असंच चाललं त्या दिवशी. कामाचे शब्द, बाकी काई नाई. हसवणं नाई, सासऱ्याची गोठ नाई, नक्कल तर नाईच. ते आजपर्यंत परत आलं नाई अन् येईन असं मले वाटत नाई. ते कोण भरून देणार? त्याची दाद कोणत्या कचेरीत लागते, तुमाले माहीत असन तर सांगा. मी जाईन पायी.

पण पाळी सरली अन् मी डोळे पुसून वर पाह्यलं, तर तो लठ्ठ्यावरून उतरून काठावर बसला होता, वाकून, हात खाली सोडून. पाण्याचा गुंड बाजूलेच होता, त्यानं हात लावला नव्हता. मी हात धरला. कोरडा होता हात.

ते पाणी आम्ही मंग प्यालो. तुम्ही बी घ्या, भाऊ, लय वेळ ऐकून राह्यले. देव तुमाले चांगला साहेब देवो.